अनामत परत मिळेपर्यंत

नव्या घराचं खरेदीखत झालं की सगळे वास्तुशांतीची तारीख विचारतात. सध्या राहतोय त्या भाड्याच्या घराचा करार कधी संपतो, हे मात्र पहिला हप्ता खात्यातून वळता झाल्यावरच आठवतं. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत आणि साडेआठ टक्के व्याज धरलं, तर महिन्याचा हप्ता ४३ हजारांच्या पुढे जातो. त्यावर २५ हजार भाडं. शिवाय मुद्रांक शुल्क, सुतार आणि सोसायटीचं हस्तांतर शुल्क यांत हातातली शिल्लक आधीच संपलेली असते. दोन पगारांच्या घरालाही हा दुहेरी खर्च फार काळ झेपत नाही.

माझ्या भाचीचं याच उन्हाळ्यात हे झालं. सिंहगड रस्त्याला रीसेलचा फ्लॅट मिळाला, भाव जमला, कर्जही अपेक्षेपेक्षा लवकर मंजूर झालं. कोथरूडच्या भाड्याच्या घराचा करार होता अकरा महिन्यांचा, त्यात सहा महिन्यांचा लॉक-इन, आणि चौथा महिना चालू होता. तिने मालकांना महिन्याची लेखी नोटीस दिली. संध्याकाळी तिचा फोन आला, "मावशी, काका म्हणतायत उरलेलं भाडं डिपॉझिटमधून कापणार. रंगाचे वेगळे."

मालक वाईट माणूस नाही. निवृत्त आहेत, भाड्यावर त्यांच्या औषधांचा खर्च चालतो. घर दोन महिने रिकामं राहिलं तर त्यांचंही नुकसान आहे, आणि भाडेकरूने ते समजून घ्यायलाच हवं. पण नुकसान झालं नसताना ते वसूल करायचं, हे मला मान्य नाही. कायद्यालाही ते फारसं मान्य नाही.

आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो बहुतेक वेळा लीव्ह अँड लायसन्सचा करार असतो, म्हणजे १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याखालची राहण्याची परवानगी. आपल्याकडे अकरा महिन्यांची मुदत रूढ झाली ती १९०८च्या नोंदणी कायद्यामुळे. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून लोक अकराव्या महिन्यावर थांबू लागले. महाराष्ट्रात आता ती पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५नुसार करार किती महिन्यांचा आहे हे न पाहता तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि करार कोणत्या अटींवर झाला याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. खर्चही मोठा नाही. एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या मानीव व्याजावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, शहरात हजार रुपये नोंदणी फी. पंचवीस हजार भाडं आणि लाखाची अनामत असेल तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क साडेसातशेच्या आत बसतं.

मुदतीआधी घर सोडता येतं का, हे याच कागदात ठरतं. नोटिशीची अट असते, बहुतेकदा एक महिन्याची. लॉक-इन असेल तर त्या काळात नोटीस देऊनही सुटका नाही, उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यावं लागेल, असं लिहिलेलं असतं. पण लिहिलं म्हणजे तेवढी रक्कम आपोआप देय झाली, असं नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात नमूद केलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात, नुकसान झालेलंच नसेल तर या कलमाखाली भरपाई मागता येत नाही, हे स्पष्ट केलं. कलम ७३ची अपेक्षा अशी की ज्याचं नुकसान होतं आहे त्यानेही ते कमी करण्याचा प्रयत्न करायचा. म्हणजे नवा भाडेकरू समोर उभा असताना मालकाने घर रिकामं ठेवून दोन महिन्यांचं भाडं मागायचं नाही.

म्हणून मी भाचीला सांगितलं, वाद घालू नकोस, माणूस शोध. सोसायटीच्या ग्रुपवर तिने फोटो टाकले, रखवालदाराला सांगितलं, ऑफिसात विचारलं. आठवड्याभरात बँकेत नोकरी करणारं एक जोडपं आलं, त्यांनी घर पाहिलं आणि त्याच भाड्याला हो म्हटलं. भाची बाहेर पडली आणि चार दिवसांत ते राहायला आले. दलाली कोणालाच द्यावी लागली नाही. एवढं होऊनही काकांनी लॉक-इनचे पैसे धरून ठेवले, आणि चार महिने वापरलेल्या भिंतींच्या रंगासाठी १८ हजार कापले. नेहमीच्या वापराने झालेली झीज आणि नुकसान यांत फरक आहे. खिळे ठोकून भिंत फोडली असेल तर पैसे घ्या. भिंतीला टेबल टेकल्याचा डाग पडला म्हणून सगळं घर रंगवायचं, आणि तेही नव्या भाडेकरूसाठी, हे कसं चालेल?

पत्रव्यवहार झाला, कलमांचा उल्लेख झाला, शेवटी ओळखीचे एक वकील मध्ये पडले. काकांनी एका महिन्याचं भाडं ठेवलं, बाकीची रक्कम दोन हप्त्यांत दिली. ते एक महिन्याचं भाडंही त्यांनी का ठेवावं, हे मला आजही कळत नाही. पण नव्या घराचे दरवाजे लावायचे असताना पंचवीस हजारांसाठी कोर्टात कोण जाणार? हेच गणित मांडून अनामत अडवली जाते.

घर घेणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगते. घर शोधायला सुरुवात केली असेल आणि त्याच वेळी भाडेकरार नवा होत असेल, तर लॉक-इन काढून घ्या, किंवा घर खरेदी केल्यास एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं एक वाक्य घाला. मालकाला तोंडी सांगून ठेवलेलं पुढे कोणालाच आठवत नाही. आणि नोटीस घाईने देऊ नका. रीसेल असेल तर बँकेने पैसे प्रत्यक्ष वितरित करेपर्यंत, नवीन इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत थांबा. बिल्डरने ताबा लांबवला तर रेराच्या कलम १८खाली व्याज मागता येतं, पण ते व्याज मिळेपर्यंत तुम्ही सामानासकट कुठे राहणार? करार संपत आला असेल तर दोन-तीन महिन्यांचा छोटा करार नोंदवून घ्या. बाहेर पडताना मीटरचं रीडिंग, प्रत्येक खोलीचे फोटो आणि ताबा परत मिळाल्याची मालकाच्या सहीची तारखेसह पोच, एवढं घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

छोटा करार का, तर मुदत संपल्यावर भाडेकरू एक दिवस जरी राहिला तरी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ लागू होतं. मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि त्या काळासाठी दुप्पट भाडं वसूल करता येतं. त्या सुनावणीत नोंदणीकृत करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. मालकाला इतकं पक्कं संरक्षण असण्याला माझी हरकत नाही. त्याशिवाय कोणी घर भाड्याने दिलंच नसतं, पागडीच्या काळात मुंबईने ते पाहिलं आहे. पण अनामत अडवणाऱ्या मालकाविरुद्ध भाडेकरूला अशी वाट नाही. त्याने वकील करावा, दावा लावावा आणि वाट पाहावी.

केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे, आणि घर रिकामं करून ताबा घेतला त्याच दिवशी, वाजवी वजावट करून ती परत करायला सांगितली आहे. तो स्वीकारायचा की नाही हे प्रत्येक राज्याने ठरवायचं आहे. महाराष्ट्राने सगळा कायदा बदलायची गरज नाही. १९९९च्या कायद्यात कलम २४ शेजारी एक पोटकलम घालावं: ताबा घेतल्यावर अनामत अडवली तर अडवलेल्या रकमेच्या दुप्पट द्यावे लागतील, आणि त्याची सुनावणी त्याच सक्षम प्राधिकाऱ्यासमोर होईल.