दोन हजार कोणाचे, पाचशे कोणाचे?

एप्रिल २०२०. टाळेबंदीमुळे आठवडी बाजार बंद. मी काम करीत होते त्या तालुक्यात एका बाईने अर्ध्या एकरातला टोमॅटो स्वतःच्या हाताने उपटून बांधावर टाकला. नवरा वारून तीन वर्षे झालेली. जमीन सासऱ्यांच्या नावावर, त्यातली दीड एकर तीच कसते. त्याच महिन्यात सासऱ्यांच्या खात्यात किसान सन्मान निधीचे दोन हजार जमा झाले, तिच्या जनधन खात्यात पाचशे. ती म्हणाली, "ताई, पीक माझं सडलं, आणि शेतकरी ते कसे?"

मला उत्तर देता आले नाही. उत्तर कायद्याच्या कागदात होते.

२६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मदत जाहीर केली. ८.६९ कोटी शेतकऱ्यांना दोन हजार रुपये, आणि सुमारे २० कोटी जनधन खातेदार स्त्रियांना तीन महिने दरमहा पाचशे. ऐकताना वाटते, दोघांचीही सोय झाली. पण दोन हजार हा नवा पैसा नव्हता. वर्षाच्या सहा हजारांतला ठरलेला हप्ताच तेवढा एप्रिलच्या सुरवातीला दिला गेला. आणि तो मिळाला जमिनीच्या नोंदीवर. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावावर तो शेतकरी. त्यानंतरचा बदल धरायचा तो फक्त खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने झालेला. नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून कुटुंब एक, लाभही एकच. खंडाने किंवा बटाईने दुसऱ्याची जमीन करणारी तर यात कुठेच नाही.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतीच्या खातेदारांत स्त्रिया होत्या सुमारे १४ टक्के. निंदणी, खुरपणी, कापणी करणाऱ्यांत त्या किती असतात हे कोणत्याही शिवारात उभे राहून पाहावे. म्हणजे संकटाच्या वेळी सरकारने जमीन कोणाच्या नावावर आहे ते मोजले. पीक कोणाचे गेले ते मोजलेच नाही. बाईला पाचशे मिळाले ते गरीब बाई म्हणून, शेतकरी म्हणून नव्हे.

"पैसा शेवटी घरातच येतो ना?" असे कार्यकर्तेसुद्धा विचारतात. येतो. पण हक्काने घेणे वेगळे आणि हात पसरून मागणे वेगळे. त्या बाईचे सासरे वाईट नव्हते. मागितले असते तर त्यांनी दिलेही असते. तिने मागितले नाही, बियाण्यासाठी बचत गटातून कर्ज काढले.

हा प्रश्न आजचा नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, १९९२ मध्ये राज्य सरकारनेही बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. पण ती नवऱ्याच्या मर्जीवर. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने तर कूळ, बटाईदार, शेतमजूर या सर्वांना शेतकरी म्हटले. व्याख्या सरकारचीच आहे. पैसे वाटताना मात्र ती आठवत नाही. २०२५ पासून आपल्या राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तोही जमिनीच्या नोंदीशीच बांधलेला.

म्हणून मागणी साधी आहे. जमीन कोण कसते याची नोंद गावाने ग्रामसभेत करावी आणि मदतीसाठी ती ग्राह्य धरावी. आणि मैत्रिणींनो, जमीन वडिलोपार्जित असेल तर वारलेल्या नवऱ्याच्या हिश्शात विधवेचा वारसहक्क आहे. तो मागायला तलाठ्याकडे एकटीने जाऊ नका, चौघी मिळून जा. पुढचे संकट येईल तेव्हा यादी पुन्हा सातबाऱ्यावरूनच निघेल. त्याआधी त्यावर आपली नावे चढली पाहिजेत.