खतावणीत न चढलेले देणे

उलवे हे गाव आणि उलवे हा नोड यांत आता नावापुरतेच साम्य उरले आहे. उलव्याची टेकडी विमानतळासाठी सपाट झाली, उलवे नदीचे पात्र वळविले गेले आणि तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर अशा गावांची घरे उठून अन्यत्र वसली. २०१८ च्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत लोकल आली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे. मशीद बंदर, भुलेश्वर किंवा वाशीच्या बाजार समितीत पेढी असणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे उलवे जवळचे वाटू लागले. घर घेताना कार्पेट क्षेत्र, स्टेशनचे अंतर, देरासर किती जवळ, यांची चौकशी बारकाईने होते. संकुलातील सांडपाणी प्रक्रिया संयंत्र चालू आहे की बंद, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

उलव्यात ही चौकशी अधिक अगत्याची आहे. नवी मुंबई महानगरपालिकेची हद्द खाडीच्या पलीकडेच संपते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा उलवे तिच्यातही आले नाही. त्यामुळे नियोजन करणारी आणि सेवा पुरविणारी संस्था एकच, ती म्हणजे सिडको. दाद मागण्यासाठी नगरसेवक नाही, प्रभाग समिती नाही. पिण्याचे पाणी पेण तालुक्यातील हेटवणे धरणातून येते. सिडकोचे घनकचरा केंद्र आहे ते पनवेलच्या उत्तरेस, तळोजा परिसरातील चाळ येथे. पाणी एका दिशेने आणावयाचे आणि कचरा दुसऱ्या दिशेने धाडावयाचा, असा हा व्यवहार आहे; मधल्या वाटेत जे निसटते ते पनवेलच्या खाडीत उतरते. त्या खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारी आगरी-कोळी कुटुंबे गव्हाण, मोरावे, न्हावा या गावांत आजही राहतात.

व्यापारी माणसाला आकड्यांची भाषा लवकर कळते, म्हणून एक हिशेब मांडून पाहावा. दोनशे सदनिकांचे संकुल, घरटी चार माणसे, म्हणजे आठशे वस्ती. शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित मापदंड दरडोई दररोज १३५ लिटरचा आहे. त्याप्रमाणे संकुलाला रोज १,०८,००० लिटर पाणी लागेल. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरतात. ते झाले ८६,४०० लिटर. याच १३५ लिटरांतील ४५ लिटर केवळ शौचालयातील फ्लशसाठी धरलेले असतात. म्हणजे आठशे माणसे रोज ३६,००० लिटर पिण्यायोग्य, धरणातून आणलेले, शुद्ध केलेले पाणी मैला वाहून नेण्यासाठी ओततात. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर भरतील इतके हे पाणी आहे. मार्च-एप्रिलमध्ये पाण्याचा दाब कमी झाला की त्याच संकुलाच्या फाटकाशी पैसे देऊन टँकर उभे राहतात.

याला उपाय नवा नाही. बांधकाम २०,००० चौरस मीटरहून अधिक असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया संयंत्र उभारणे ही त्या मंजुरीतील नेहमीची अट असते. संयंत्र त्यामुळे बहुधा असतेच. फ्लशसाठी वेगळी नळवाहिनीही अनेक ठिकाणी टाकलेली असते. बांधकाम व्यावसायिकाकडून सोसायटीच्या ताब्यात व्यवस्था आली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वार्षिक सभेत एखादा सभासद उठतो आणि विजेच्या बिलावर बोट ठेवतो. मग संयंत्र रात्री बंद ठेवावे असे ठरते, पुढे दिवसाआड चालवावे असे ठरते आणि शेवटी सांडपाणी सरळ बाहेरच्या वाहिनीला जोडले जाते. ठरावाच्या वहीत याची नोंद ‘देखभाल खर्चात काटकसर’ अशी होते.

ही काटकसर केवढी, तेही पाहावे. अशा लहान संयंत्राला हजार लिटरमागे दीड युनिट वीज लागते असे सढळ हाताने धरले, तर ८६,४०० लिटरसाठी रोज सुमारे १३० युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याचे ३९,००० रुपये. दोनशे घरांत वाटले की घरटी १९५ रुपये. चालकाचा पगार आणि किरकोळ दुरुस्ती यांची त्यात भर पडेल, हे खरे. तरीही एका वेळच्या हॉटेलातील जेवणापेक्षा ही रक्कम फार मोठी होणार नाही, आणि टँकरची जी बचत होईल ती यातून वजा करावयाची आहेच.

संयंत्र अधूनमधून बंद ठेवण्यात नेमके काय बिघडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मैल्याचे विघटन यंत्र करीत नाही, सूक्ष्म जीवाणू करतात. यंत्र त्यांना फक्त हवा पुरविते. ब्लोअर चालू असेल तोवर टाकीत प्राणवायू मिळतो, जीवाणू जगतात, घाण खातात आणि गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. वरचे पाणी गाळून, निर्जंतुक करून फ्लशला आणि बागेला जाते. ब्लोअर काही तास बंद राहिला की प्राणवायू संपतो आणि प्राणवायूवाचून वाढणारे दुसरे जीवाणू टाकीचा ताबा घेतात. दुर्गंधी येते ती तेव्हा. सभासद म्हणतात, ‘संयंत्र वास मारते, बंदच बरे.’ वस्तुतः वास येतो तो ते बंद ठेवल्यामुळे. स्वयंपाकघरातील उरलेले तळणाचे तेल मोरीत ओतण्याची सवयही याच रोगाचे दुसरे कारण आहे. तेलाचा थर वाहिन्यांत गोठतो आणि टाकीत जीवाणूंना हवेपासून तोडतो. तळमजल्यावर फरसाणाचे किंवा मिठाईचे दुकान असेल, तर तेल अडविणारा सापळा बसवून तो दर आठवड्यास साफ करणे दुकानदाराच्या करारातच लिहून घ्यावे.

या प्रकरणाची सर्वांत गंभीर बाजू याहून निराळी आहे. बंद पडलेल्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. हा वायू अल्प प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढले की माणसाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि मग एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. संकुलांच्या टाक्यांत असे मृत्यू महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा घडले आहेत. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला. पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा निर्बंध शासकीय संस्थांप्रमाणे खाजगी व्यक्तींनाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली. वीजबिलात महिना १९५ रुपये वाचविणाऱ्या सभेने हे दुसरे देणे कोणत्या खात्यात धरले होते? मुंगी वाचविण्यासाठी पाऊल जपून टाकणाऱ्या घरातील माणूस सोसायटीचा चिटणीस असतो, आणि रोजंदारीवर बोलाविलेल्या मजुराला झाकण उघडून खाली उतरविण्याची संमती त्याच्याच सहीने जाते. ही विसंगती बोलून दाखविणे भाग आहे.

खाडीकडे परत येऊ. नवी मुंबईत सांडपाण्याची वाहिनी आणि पावसाळी गटार या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पहिली प्रक्रिया केंद्राकडे जाते, दुसरी काहीही प्रक्रिया न होता खाडीकडे. बाहेर काढलेले सांडपाणी चुकून वा मुद्दाम दुसऱ्या व्यवस्थेत सोडले की ते थेट कांदळवनात पोहोचते. परीक्षा सोपी आहे. एप्रिल महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, इमारतीबाहेरच्या पावसाळी गटारात पाणी वाहताना दिसले, तर ते कोणाचे आहे याचा शोध घ्यावा.

शेजारच्या नवी मुंबई महानगरपालिकेने या पाण्याला गिऱ्हाईक शोधले आहे. ऐरोली आणि कोपरखैरणे येथे तिने प्रत्येकी दररोज दोन कोटी लिटर क्षमतेची पुढच्या टप्प्याची शुद्धीकरण केंद्रे उभारली. तेथील पाणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांसाठी आहे. नागपुरात त्याहून मोठा व्यवहार झाला. भांडेवाडीच्या केंद्रातील तेरा कोटी लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला रोज देण्याची व्यवस्था झाली. तितके स्वच्छ पाणी धरणात शिल्लक राहिले. सांडपाणी हा विकण्याजोगा माल आहे, हे ओळखणारी नजर व्यापाऱ्याचीच असावयास हवी होती. ती पालिकांच्या अभियंत्यांनी दाखविली.

घनकचऱ्याचे गणित तुलनेने साधे आहे. त्याच आठशे माणसांच्या संकुलात माणशी ४०० ग्रॅम धरले तरी रोज ३२० किलो कचरा होतो आणि त्यात निम्म्याहून अधिक ओला असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक मानले आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा असे सांगितले. वाटाण्याची टरफले, कोथिंबिरीच्या काड्या, आंब्याच्या साली यांत जड असते ते पाणीच. ते पाणी डिझेल जाळून तळोज्यापर्यंत नेण्यात काही शहाणपण नाही. आवारात वाळलेल्या पालापाचोळ्याबरोबर थर देऊन, हवा खेळती ठेवून महिना-दीड महिन्यात खत होते आणि वजन मूळच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. चोवीस तासांत खत देण्याचे आश्वासन देणाऱ्या विजेच्या यंत्रांपासून मात्र सावध राहावे. ती कचरा वाळवितात आणि बारीक करतात. जे बाहेर पडते ते आणखी काही आठवडे मुरविल्याशिवाय कुंडीत घातले तर रोपे जळतात. लाखो रुपयांची अशी यंत्रे धूळ खात पडलेली अनेक आवारांत दिसतील.

उलव्याला विमानतळाचा आणखी एक धडा आहे. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकण्यास विमानविषयक नियमांची मनाई आहे, कारण कचऱ्यावर घारी, बगळे, कावळे जमतात आणि उड्डाणाच्या वेळी ते इंजिनात ओढले जातात. उलव्यातील प्रत्येक सेक्टर या परिघात आहे. रिकाम्या भूखंडावर रात्री गुपचूप ओतलेली पिशवी म्हणून येथे केवळ दृष्टीला त्रास देणारी बाब राहत नाही. त्यात पक्षीही मरतो आणि विमानातील माणसांचाही जीव टांगणीला लागतो.

सुक्या कचऱ्याबाबत पुण्याचे उदाहरण वाचनीय आहे. कचरावेचक महिलांना संघटित करणारी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली स्थापन झाली. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तीन हजारांहून अधिक कचरावेचक घरोघर जाऊन वर्गीकृत कचरा घेतात, घरमालक दरमहा ठरावीक शुल्क देतो आणि सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्न वेचकाचे राहते. पुठ्ठा, प्लास्टिक, पत्रा यांना बाजारभाव आहे. तो माल आमटीने भिजला की भाव शून्य होतो. दोन डबे वेगळे ठेवण्याने घरमालकाचे काही जात नाही. वेचणाऱ्याची दिवसाची कमाई मात्र त्यावर ठरते.

जैन घरांना यातले बरेचसे नवे वाटू नये. जेवून उठताना थाळी धुऊन ते पाणी पिण्याची चाल अन्नाचा कण मोरीत जाऊ नये म्हणूनच आहे. साधू-साध्वी जे परठवितात, ते जमीन निरखून, जीवजंतू नाहीत असे पाहून. त्याच घरांच्या सामूहिक भोजनानंतर मंडपामागे कागदी द्रोण आणि अर्धवट खाल्लेले पदार्थ यांचा ढीग दिसतो, तेव्हा व्यवस्थापकांनी स्टीलच्या थाळ्या आणि धुणारी चार माणसे यांचा खर्च मंडपाच्या सजावटीतून काढावा.

राहता राहिली पैशाची तरतूद. आदर्श उपविधींनुसार सोसायटी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात टाकते. बहुतेक ठिकाणी तो मुदत ठेवीत पडून असतो आणि इमारतीच्या मोठ्या कामासाठीच हात लावण्याजोगा असतो. ब्लोअर, पंप, गाळणीतील वाळू यांचे आयुष्य त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. त्यांच्यासाठी वेगळा घसारा निधी उघडावा, संयंत्राला वेगळा वीजमीटर बसवावा, आणि रोजचे युनिट व फ्लशला गेलेले लिटर यांची वही तळमजल्याच्या फलकाजवळ ठेवावी. युनिट शून्य आणि लिटर भरपूर असा दिवस त्या वहीत दिसला, तर चिटणिसाला विचारण्याचा प्रश्न तयार आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. विषयपत्रिकेत विषय घालण्यासाठी अर्ज मात्र सभेची नोटीस निघण्याआधी द्यावा.