पावतीपुस्तक आपल्याही हातात होतंच

मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाला २०२४ मध्ये धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली आणि १७,५०० रुपये मुदतीत भरता न आल्याने ती गेली. गावातल्या लोकांनी पैसे जमवले होते, पण घड्याळ पुढे गेलं. शेवटी ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश द्यायला लावला. हा जिल्हा दिल्लीच्या एनसीआरमध्येच मोडतो. त्याच एनसीआरमध्ये आयआयटी दिल्लीने २०१९ मध्ये एंडोमेंट फंड काढला, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी सुरुवातीलाच २५० कोटींची हमी दिली होती. सोनीपतचं अशोका विद्यापीठ तर देणगीदारांच्याच पैशातून उभं राहिलं.

म्हणजे पैसा आहे. तो मागायला कोण जातं आणि कशासाठी मागतं, यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही.

विद्यापीठांत आता यासाठी वेगळं ऑफिस असतं. पाटीवर 'डेव्हलपमेंट', 'अ‍ॅडव्हान्समेंट' किंवा 'अ‍ॅल्युम्नाय रिलेशन्स' असं काहीतरी लिहिलेलं असतं. काम काय? कोण देणगी देऊ शकेल याचा अभ्यास, प्रस्ताव लिहिणं, भेटी, आणि पैसे आल्यावर त्यांचा हिशेब देणं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नेटवर्थ, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्चावे लागतात, आणि शिक्षण त्यात बसतं. हे कलम, ८०जीची करसवलत, परदेशी पैशासाठी एफसीआरए, एवढं नीट समजलं की निम्मं काम आलं. समाजकार्य, वाणिज्य, अगदी मराठी साहित्य घेऊन पदवी केलेल्यालाही हे सहा महिन्यांत जमतं.

जमत नाही ते दुसरंच. एनसीआरमधल्या एका खासगी विद्यापीठात अशाच जागेच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, 'तुमचं नेटवर्क काय?' नेटवर्क म्हणजे कुठली शाळा, कुठला क्लब, कुणाचे काका कुठल्या बोर्डावर. जात विचारायची गरजच पडत नाही.

आणि मग जो मागायला जातो, त्याला जे माहीत असतं तेच तो मागतो. इमारत, अध्यासन, संशोधन केंद्र. देणगीदारालाही भिंतीवर नाव हवं असतं. मुदतीच्या आदल्या रात्री भरलेल्या फीवर नाव कोरता येत नाही. प्रत्येकी २५,००० रुपयांची तातडीची मदत २०० विद्यार्थ्यांना द्यायची तर ५० लाख लागतात. एखाद्या सभागृहाच्या खुर्च्या आणि एसी यांचा खर्च काढून बघा. असा निधी मागायचं त्यालाच सुचेल, ज्याच्या घरी फीच्या तारखेआधी उसनवारी झालेली आहे.

आपल्यातल्या अनेकांना हे काम म्हणजे भीक वाटते. हा संकोच मी समजू शकतो, पण मला तो मान्य नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतून मूठ-मूठ धान्य जमलं, 'मुष्टिफंड' म्हणत त्याला. वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, आणि १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी केली तेव्हा पैसा जुळवणं हेही त्यांच्याच डोक्यावर होतं. १४ एप्रिलची वर्गणी तर आपण सगळ्यांनीच मागितली आहे. दारोदार जायचं, पावती फाडायची, आणि जयंतीनंतर वस्तीसमोर पै-पैचा हिशेब वाचायचा. हिशेब चुकला तर पुढच्या वर्षी कुणी दार उघडत नाही. एवढं कडक ऑडिट मी कॉर्पोरेटमध्येही पाहिलेलं नाही.

विविधतेच्या नावाखाली सध्या होतं ते वेगळं. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीचा फोटो, आत तिच्या गरिबीची कहाणी, देणगीदारांच्या जेवणात तिचं दोन मिनिटांचं भाषण. मागणारे तेच, दाखवले जाणारे आपण. ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही प्रवेशात आरक्षणाचा कायदा करायची वाट उघडली, पण केंद्राचा २००६ चा कायदा केंद्रीय संस्थांपुरताच थांबला. खासगी विद्यापीठांच्या नोकऱ्यांत तर काहीच बंधन नाही. तेव्हा निदान या जागांची जाहिरात उघड द्या, पगार छापा, इंटर्नशिपला पैसे द्या, आणि फोटो छापण्याआधी त्या मुलीला विचारा, इतकं तरी मागायलाच हवं. राखीव जागांवर शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना किती विद्यापीठं फोन करतात, हेही विचारा. बँकांत, रेल्वेत, विमा कंपन्यांत आपली माणसं आहेत. मिलिंद कांबळेंनी २००५ मध्ये सुरू केलेल्या डिक्कीमुळे दलित उद्योजकही एका छताखाली आले आहेत. महिन्याला हजार रुपये देणारे त्यांच्यात निघतील, पण मागायला येणारा ओळखीच्या भाषेत बोलला पाहिजे.

अशी जाहिरात दिसली तर अर्ज करा. अनुभवाच्या रकान्यात जयंती समितीचं खजिनदारपद लिहा, किती वर्षं सांभाळलं, किती रक्कम जमली आणि किती घरांतून, आकड्यांसकट.