स्वतंत्र सायंटॉलॉजी

अमेरिकी लेखक एल. रॉन हबर्ड (१९११–१९८६) यांनी प्रवर्तित केलेल्या सायंटॉलॉजीचे आचरण 'चर्च ऑफ सायंटॉलॉजी' या अधिकृत संस्थेबाहेर राहून करणाऱ्या व्यक्तींना व गटांना स्वतंत्र सायंटॉलॉजिस्ट म्हणतात. यांतील काही गट 'फ्री झोन' या नावाने ओळखले जातात. त्यांचे अध्वर्यू बहुधा संस्थेच्या वरिष्ठ वर्तुळातूनच बाहेर पडले. त्यांचा विरोध शिकवणुकीला नव्हता, व्यवस्थापनाला होता.

१९८२ मध्ये स्थापन झालेल्या रिलिजस टेक्नॉलॉजी सेंटरकडे सायंटॉलॉजीच्या व्यापारचिन्हांचे नियंत्रण आले आणि श्रद्धेचा वाद मालकीहक्काचा वाद बनला. हबर्ड यांचे ऑडिटिंग (ई-मीटर या उपकरणाच्या साहाय्याने होणारे प्रश्नोत्तररूप समुपदेशन) केलेले डेव्हिड मेयो यांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे स्वतंत्र केंद्र काढले. गोपनीय लिखाणाच्या वापरावरून त्यांच्यावर दावा झाला व मनाई हुकूम निघाला. १९८६ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला; धर्मग्रंथांना केवळ आध्यात्मिक मूल्य असेल, तर ते व्यापारी गुपित ठरत नाही, असा त्याचा आशय होता. निकाल अनुकूल लागूनही मेयो यांचे केंद्र टिकले नाही. युरोपात बिल रॉबर्टसन यांनी उभारलेली 'रॉन्स ऑर्ग' मात्र तग धरून राहिली.

दुसरी लाट २००९ नंतरची. मार्टी रॅथबन व माजी प्रवक्ते माइक रिंडर यांनी संस्थाप्रमुख डेव्हिड मिस्कॅव्हिज यांच्यावर मारहाणीचे आरोप केले. संस्थेने ते फेटाळले. रॅथबन टेक्सासमध्ये स्वतंत्रपणे ऑडिटिंग करू लागले. २०१२ मध्ये इस्रायलमधील हैफा येथील द्रोर केंद्र तर संपूर्णच वेगळे झाले.

दोन्ही पक्ष हबर्ड यांचेच दाखले देतात, हे या वादाचे मर्म. त्यांच्या पद्धतीत फेरफार करणाऱ्याला त्यांनीच 'स्क्विरल', म्हणजे खार, असे हिणवले होते. संस्था हा शब्द स्वतंत्र गटांना लावते, तर हे गट फेरफाराचा ठपका मिस्कॅव्हिज यांच्यावर ठेवतात. अर्थात 'मूळ' पद्धतीचा आग्रह सर्वांनीच पाळला असे नाही. रॉबर्टसन यांनी स्वतःच्या वरच्या पायऱ्या जोडल्या.

बाहेर पडणाऱ्याला द्यावी लागणारी किंमत प्रामुख्याने कौटुंबिक असते. 'सप्रेसिव्ह पर्सन' घोषित झालेल्या व्यक्तीशी आप्तस्वकीय संबंध तोडतात. हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न असल्याचे संस्था सांगते. परंतु संबंध न तोडणाऱ्याचे संस्थेतील स्थानही धोक्यात येते, असे माजी सदस्यांचे म्हणणे आहे. रॅथबन व रिंडर यांनी पुढे सायंटॉलॉजीच सोडली.