लोकगीत नक्की कशानं बाटतं?

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली टाइम्स म्युझिकनं बाजारात आणला. तो खपला, गाजला, कॉलेजांच्या गॅदरिंगपर्यंत पोचला. पण पाव शतक उलटलं तरी त्याच्यावरचे दोन आक्षेप काही थकत नाहीत. रॉकचे सोवळेकरी म्हणतात, यात रॉक आहेच कुठं? आणि लोकसंगीताचे कैवारी म्हणतात, नदीकाठच्या माणसांचं गाणं उचललं, गिटारीला बांधलं, शहरात विकलं.

पहिला आक्षेप फार वेळ देण्याच्या लायकीचा नाही. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गात होते, सुस्मित सेन यांची गिटार किंचाळत नव्हती, अमित किलम ड्रमसोबत बाऊलांची गाबगुबीही हाताळत होते, म्हणून हे रॉक नव्हे? मग रॉक म्हणजे काय, परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल? आपल्याकडच्या रॉक बँडनी कित्येक वर्षं तेवढंच केलं. इथं सातच गाणी आहेत. त्यात केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली अरामी भाषेतली प्रार्थना आहे आणि ‘मा रेवा’ हे नर्मदेचं पारंपरिक गीतही आहे. टीव्हीवर इंडिपॉपची चलती असताना, तीन-चार मिनिटांत गाणं उरकायचा धंदेवाईक नियम असताना, यांनी गाणी हवी तितकी लांबू दिली. याला प्रयोग म्हणायचं नसेल, तर तो शब्द शाळेच्या विज्ञानवहीपुरताच ठेवू या.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे. तो मला सिल्वासाजवळच्या सायलीत बसून जास्तच टोचतो, कारण या पट्ट्यात वारली, कोकणा, धोडिया माणसं राहतात आणि त्यांच्या कलेचं काय काय होतं ते रोज दिसतं.

आधी कैवाऱ्यांच्या सोयीस्कर विसरभोळेपणाबद्दल. ‘जैत रे जैत’ १९७७ चा. ठाकर आदिवासींच्या जगण्यावरचा चित्रपट, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. त्या गाण्यांवर आपण मराठी माणसं जीव टाकतो, आणि टाकावाच. पण तीही स्टुडिओतच घडली, शहरी गळ्यांनीच गायली. तिथं जे ‘मातीचा गंध’ ठरतं, ते बास गिटार दिसताच चोरी कसं होतं? आक्षेप वाद्यावर आहे की घेण्यावर, हे एकदा ठरवा.

आणि घेणारा कोण, तेही बघा. ‘मा रेवा’ गाणारे बँडमधले राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन परतले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं नर्मदा बचाओ आंदोलनात होते. त्यांना ही नदी रेकॉर्डिंगच्या निमित्तानं भेटलेली नाही. सरदार सरोवरानं आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या ३३ गावांना बुडिताच्या यादीत घातलं, त्या लढ्याच्या काळातली ही ओळख आहे. आमच्याकडे दमणगंगेवर मधुबन धरण झालं. त्या पाण्याखालीही आदिवासींच्या जमिनी गेल्या. आज दुधनीला पर्यटक त्याच पाण्यावर होडीत बसून फोटो काढतात. नदी देवी असते आणि नदी अडवलीही जाते, हे दोन्ही ज्याला ठाऊक आहे त्यानं तिचं गाणं गावं. मला त्यात चोरी दिसत नाही.

आता बाटण्याचं. आमच्याकडचा तारपा घ्या. भोपळा, बांबू आणि ताडपानं यांचं हे वाद्य. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, सूर अखंड राहतो. नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात, त्यानं चाल बदलली की पाय बदलतात. नवं भात घरात आलं की हे रात्र-रात्र चालतं. त्याच तारप्याला सरकारी समारंभात पाहुण्यांच्या स्वागतासाठी मांडवाच्या दाराशी उभं करतात. पाहुणे उतरले, हार पडले, संपलं. सूर जेमतेम लागतो तोच हातानं ‘पुरे’ची खूण होते. इथं कुणी वाद्य बदललेलं नाही, पोशाख अस्सल आहे, तरी नाच मेलेला असतो, कारण त्याचा वेळ काढून घेतला. यावर कैवारी गप्प.

‘कंदिसा’नं नेमका तो वेळ परत दिला. तीच ओळ पुन्हा येते, ताल हळूहळू दाट होतो, गिटार तिच्याभोवती फेर धरते. ज्याला हे ‘लांबण’ वाटतं, त्यानं तारप्याच्या फेरात एकदा पाय टाकावा. पुनरावृत्ती हा तिथं कंटाळा नसतो, जोर येण्याची पद्धत असते. दिल्लीच्या चौघांनी तारपा वाजवलेला नाही, पण फेराचं हे व्याकरण त्यांना कळलं होतं. सगळीकडे ते सारखं उतरलं असं मी म्हणणार नाही. त्यातलं ‘खजुराहो’ मला आजही बेतलेलं वाटतं.

आक्षेपातला एक भाग उरतो आणि तो खरा आहे. ‘पारंपरिक’ या शिक्क्याखाली गाणारी माणसं आणि गावं पुसली जातात. ही खोड एका बँडची नाही, सगळ्या ध्वनिमुद्रण-व्यवसायाची आहे. यावर उपाय गाणं गायचंच नाही हा नव्हे. पाड्याचं नाव छापा, ज्यांच्याकडून शिकलात त्यांचं नाव छापा, पैशात वाटा द्या. आणि सायलीच्या मैदानावर पुढचा मोठा कार्यक्रम होईल तेव्हा तारपेकऱ्याला दाराशी न ठेवता मंचावर बसवा, माइक द्या, तासभर तरी वाजवू द्या. कैवारी त्या तासाला किती वेळ बसतात, तेही मोजता येईल.