बाळंतविड्यात रेशीम नको


परवाच्या डोहाळजेवणात पाच बाळंतविडे आले, त्यातले तीन रेशमी! आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तानंतर जेवत नाही, कंदमूळ घरात आणत नाही. मग कापडाच्या दुकानात आपली अहिंसा कुठे जाते? धागा अखंड निघावा म्हणून कोषातला जीव उकळून किंवा वाफवून मारतात. एक किलो रेशमाला असे हजारो कोष लागतात.

“रेशीम शकुनाचं असतं,” असं थोरल्या बायका म्हणतात. ज्या बाळाच्या कानात णमोकार मंत्र सांगायचा, त्याच्याच अंगावर हिंसेचं झबलं घालायचं, हा कसला शकुन? शिवाय बाळ दिवसातून दहादा ओलं करणार. ते रेशीम एकदा फोटोपुरतं घालून कपाटात जातं.

त्यापेक्षा डझनभर मऊ सुती लंगोट द्या, दोन दुपटी द्या, आजीच्या जुन्या सुती लुगड्याची गोधडी शिवून द्या. तेही जमत नसेल, तर बाळंतिणीला आठ दिवस दिवस मावळण्याआधी गरम डबा पोहोचवा. तिला त्याचीच खरी गरज असते.

आलेली भेट परत करून कुणाचं मन दुखवू नका. पण आपल्या हातून रेशीम जाणार नाही, एवढा नियम तर घेऊया!