स्पीकर बंद ठेवा, खंजिरी काढा

भाद्रपदी पौर्णिमेला अमरावती-अकोल्याकडे भुलाबाई बसेल आणि कोजागिरीपर्यंत संध्याकाळी पोरींची गाणी ऐकू येतील. आपल्यापैकी कितीतरी सेविका आणि मदतनीस ताईंना ही गाणी लहानपणापासून तोंडपाठ आहेत. तरीही अंगणवाडीत गाण्याची वेळ झाली की मोबाईल स्पीकरला जोडला जातो आणि मुले नुसती ऐकत बसतात. हे बदलायला हवे.

गाणे ऐकणे वेगळे आणि मिळून गाणे वेगळे. जर्मनीतल्या लायपझिग येथे किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या करून पाहिल्या. काही जोड्या मिळून गात-वाजवत खेळल्या, बाकीच्या तोच खेळ गाण्याविना खेळल्या. नंतर जोडीदाराच्या गोट्या सांडल्या, तेव्हा गाणारी मुले जास्त वेळा मदतीला धावली. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका तालात राहायचे तर दुसऱ्याकडे लक्ष द्यावे लागते, त्याच्यासाठी थांबावे लागते.

आपली भुलाबाईची खिरापत बघा. गाणी संपली की झाकलेला डबा खुळखुळवायचा. आवाज दाण्यांचा की लाडवाचा, हे कान देऊन ओळखायचे. चुकले तरी रुसायचे नाही, दुसरीची पाळी येईल तोवर दम धरायचा. राग आवरायला आणि हार पचवायला शिकवणारा इतका सोपा खेळ आम्हाला दुसरा माहीत नाही. त्यात मुलग्यांनाही घ्या. त्यांना तर याची जास्तच गरज आहे.

खंजिरी तर आपल्याच मातीतली. यावलीत जन्मलेल्या, मोझरीला १९३५ साली गुरुकुंज उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांनी तिच्या ठेक्यावर गावेच्या गावे एकत्र बसवली. अंगणवाडीत तिचा ठेका थांबला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे, हळू वाजली की हळू चालायचे. नव्याने आलेले रडवेले मूल गाणार नाही. त्याला आग्रह करू नका. खडे घातलेला, झाकण घट्ट बसवलेला डबा हाती द्या आणि शेजारी बसवा. बेसूर गाणाऱ्याला कधीही गप्प करू नका. मेळघाटात पहिले गाणे कोरकूतलेच असू द्या, कारण घरची भाषा कानी पडली की मूल लवकर रुळते.

या महिन्यात रोज दहा मिनिटे एवढे करून बघा. कोणते मूल कधी बोलते झाले, कोणाची मारामारी कमी झाली, याची नोंद ठेवा आणि आम्हाला लिहून कळवा. कोजागिरीनंतरच्या अंकात काही पाने तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत.